मार्गारेट गार्नरवर कोणते कलम लावायचे?

१८५६ सालचा जानेवारी महिना. अमेरिकेतील ओहायो नदी त्या हिवाळ्यात गोठून दगडासारखी झाली होती. नदीच्या दक्षिणेला केंटकी राज्य, तेथे गुलामगिरी कायदेशीर. उत्तरेला ओहायो राज्य, तेथे गुलामगिरीला बंदी. त्या बर्फावरून रात्री चालत एक कुटुंब सिनसिनाटी शहरात पोचले. मार्गारेट गार्नर, तिचा नवरा रॉबर्ट, त्याचे म्हातारे आईवडील आणि चार लेकरे. नातलगाच्या घरी जरा टेकतात न टेकतात तोच मार्गारेटचा मालक आर्चिबाल्ड गेन्स सरकारी मार्शल घेऊन आला. घराला वेढा पडला. दार फुटू लागले तेव्हा मार्गारेटने घरातला सुरा उचलला आणि आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. बाकीची लेकरेही ती मारणार होती, तेवढ्यात तिला धरले.

आता वकिलाचा पहिला प्रश्न. आरोप काय ठेवायचा?

आम्ही बरीच वर्षे कोर्टाची पायरी चढत आहोत. खुनाची केस आली की बचावाच्या वकिलाची सारी धडपड खुनाचे कलम उडावे, निदान सौम्य व्हावे यासाठी असते. सिनसिनाटीत नेमके उलटे घडले. मार्गारेटचे हितचिंतक, गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते, तिचे वकील जॉन जॉलिफ, हे सगळे मागणी करीत होते की या बाईवर खुनाचा खटला चालवा! आणि मालक म्हणत होता, खुनाचे राहू द्या, माझी मालमत्ता मला परत द्या. कारण उघड आहे. खुनाचा आरोप माणसावर ठेवता येतो. बैलावर ठेवता येत नाही, नांगरावर ठेवता येत नाही. ओहायोच्या कोर्टाने तिला खुनी ठरवले असते तर त्याच निकालाने ती माणूस ठरली असती. फाशीचा दोर डोक्यावर लटकत असता, पण माणसाच्या डोक्यावर.

१८५० चा फरारी गुलामांचा कायदा आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो एकदा वाचावा. फरारी गुलामाची स्वतःच्या बाबतीतली साक्ष पुराव्यात घ्यायची नाही. त्याला आसरा देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि निवाडा करणाऱ्या कमिशनरची फी? माणूस मालकाच्या हवाली केला तर १० डॉलर, सोडून दिला तर ५ डॉलर. हवाली करताना कागदपत्रे जास्त करावी लागतात, असे त्याचे समर्थन! ज्यांना वाटते की कायद्याची भाषा नेहमी निःपक्षपाती असते, त्यांनी हे दोन आकडे लिहून ठेवावेत.

जॉलिफ वकिलांचा मुद्दा हुशारीचा होता. मार्गारेट लहान असताना मालकांनीच तिला एकदा सिनसिनाटीत आणले होते. मुक्त भूमीवर मालकाच्या मर्जीने पाय पडला, म्हणजे ती त्याच दिवशी मुक्त झाली. कमिशनर पेन्डरी यांनी हे मानले नाही. फेब्रुवारी संपता संपता मार्गारेट मालकाच्या ताब्यात गेली. ओहायोच्या गव्हर्नरने खुनाच्या खटल्यासाठी तिची मागणी केली, पण मालकाने तिला हाती लागू दिले नाही, दक्षिणेकडे रवाना केले. वाटेत बोटींची टक्कर झाली आणि तिचे तान्हे मूल नदीत बुडाले. १८५८ साली विषमज्वराने ती वारली. गुलाम म्हणूनच वारली. मधल्या १८५७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात काळा माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही असा निकाल देऊन ठेवला होता.

मार्गारेटची ही हकिकत जवळपास सव्वाशे वर्षे जुन्या वर्तमानपत्रांत पडून राहिली. टोनी मॉरिसन या रॅंडम हाऊस या प्रकाशन संस्थेत संपादक होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कात्रणे, छायाचित्रे, जाहिराती, पेटंटचे कागद असे सारे एकत्र करून १९७४ साली ‘द ब्लॅक बुक’ नावाचा ग्रंथ निघाला, त्याच्या कामात त्यांना मार्गारेटचे एक कात्रण सापडले. ते त्यांच्या मनातून गेले नाही. त्यातून १९८७ साली ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आली. मोठ्या पुरस्कारांनी आधी तिच्याकडे पाठ फिरवली. तेव्हा जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखक-कवींनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुस्तक पुरवणीत आपल्या सह्यांचे निवेदन छापून आणले, की या लेखिकेला आजवर ना नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले, ना पुलित्झर, हे काय चालले आहे? त्याच वर्षी पुलित्झर मिळाले. १९९३ साली नोबेल. ‘आमच्या लेखकांना कोणी विचारत नाही’ म्हणून कुढणाऱ्या आपल्या साहित्यिक मित्रांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. ४८ जण एका कागदावर सही करायला एकत्र आले. आपल्याकडे आठ येतील काय?

असो. मुद्दा कादंबरीचा आहे.

मॉरिसन यांनी मार्गारेटचे चरित्र लिहिले नाही. त्यांनी घटनेतला एक धागा घेतला आणि एक मोठा बदल केला. खरी मार्गारेट मालकाकडे परत गेली. कादंबरीतली सेथ परत जात नाही. तीही केंटकीतून पळून सिनसिनाटीला सासूकडे येते, तिलाही अठ्ठावीस दिवसांचे स्वातंत्र्य मिळते, मग चार घोडेस्वार येतात आणि ती लाकडे ठेवायच्या खोपटात जाऊन आपल्या मुलीचा गळा करवतीने कापते. पण तेथे मालक ओळखतो की ही आता कामाची उरली नाही, आणि हात हलवत निघून जातो. सेथ तुरुंगात जाते, सुटते, आणि त्याच घरात पुढे अठरा वर्षे जगते. या एका बदलाने सारे पालटते. मार्गारेटच्या प्रकरणात प्रश्न होता, सुटका होईल की नाही? सेथची सुटका झाली आहे. आता पुढे काय? फाइल बंद झाल्यावर त्या घरात काय चालते, हे आम्हा वकिलांना कधी कळत नाही. कादंबरी तेथून सुरू होते.

कादंबरी सुरू होते ते साल १८७३ आहे. या सालावर आम्ही थबकलो. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ सालीच पुण्यात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना तात्यासाहेबांनी तो अर्पण केला होता. आठ वर्षांपूर्वी, १८६५ साली, तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली होती. ती बातमी सातासमुद्रापलीकडे एका माळी समाजातल्या विचारवंताला उमेद देऊन गेली, आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांसाठी वाट दाखवून गेली. ती उमेद खरीच होती. आणि त्याच साली, मॉरिसन सांगतात, सिनसिनाटीतल्या १२४ क्रमांकाच्या घरात आरसा आपोआप तडकत होता, केकवर चिमुकल्या हातांचे ठसे उमटत होते, सेथची दोन मुले घाबरून पळून गेली होती आणि उरलेली मुलगी डेन्व्हर अंगणाचे फाटक ओलांडायला धजत नव्हती. कायद्याने गुलामगिरी संपवली त्याला आठ वर्षे झाली होती.

येथे आमच्या वाचकांपैकी काही जण भुवया उंचावतील. भूत? आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक, अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची सोडलेले लोक, आम्ही भुताची कादंबरी वाचायची? आमच्या भागातील विहारात रविवारी अभ्यासवर्ग भरतो, तेथे ही कादंबरी आम्ही चार महिने वाचली. एकाने इंग्रजी वाचायचे, दुसऱ्याने मराठीत सांगायचे. पहिल्याच रविवारी एका तरुणाने हीच हरकत घेतली. त्याचे बरोबरच होते. त्याला आम्ही एवढेच विचारले, या भुताच्या नावाने कोणाची दक्षिणा गोळा होते का? कोणा भगताचे पोट भरते का? या कादंबरीतल्या भुताकडून कोणाला काही मिळत नाही. ते फक्त मागत राहते. अठरा वर्षांनी एक तरुणी पाण्यातून वर येते, नाव सांगते बिलव्हेड, म्हणजे प्रिय. त्या तान्हीच्या थडग्यावर कोरलेला तोच एक शब्द. ती सेथची मेलेली मुलगी आहे, की कोणा गोऱ्याच्या बंदिवासातून सुटलेली कोणी अभागी पोर आहे, की आफ्रिकेतून आणताना जहाजाच्या तळघरात कोंबलेल्या लाखोंपैकी एक आहे, हे मॉरिसन उघड करीत नाहीत. तिन्ही वाचने टिकतात. वर्गातल्या त्या तरुणाने शेवटपर्यंत तिला बंदिवासातून सुटलेली पोर मानले, आणि त्याच्या बाजूने पुस्तकात पुरावा आहे.

कादंबरी सोपी नाही, हे आधीच सांगून टाकतो. घटना सरळ ओळीने येत नाहीत. एक गोष्ट अर्धी सांगून थांबते, पन्नास पानांनी तिचा दुसरा तुकडा येतो. प्रत्यक्ष हत्येचे वर्णन जवळजवळ अर्धे पुस्तक संपल्यावर येते, आणि तेही प्रथम घोडेस्वारांच्या नजरेतून. सेथला कोणी विचारले की ती खोलीत गोल गोल फिरू लागते, सरळ उत्तर देत नाही. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असे फिरणारे साक्षीदार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. समोरचा वकील म्हणतो, साक्षीदार बनेल आहे, मुद्द्याचे बोलत नाही. दरवेळी तो बनेल असतोच असे नाही. काही गोष्टींजवळ सरळ रस्त्याने जाताच येत नाही.

त्या गोष्टी कोणत्या? पाठ आणि दूध या दोन सांगतो. सेथ गरोदर असताना, अंगावर पिणारे मूल असताना, मालकाच्या दोन पुतण्यांनी तिला धरून तिचे दूध काढून घेतले. तिने मालकिणीला सांगितले म्हणून तिला चाबकाने फोडले. पाठीवर वळ उठले ते कायमचे, झाडासारखे, फांद्या-पानांसकट. पुढे अठरा वर्षांनी जुना सोबती पॉल डी भेटतो, तिला चाबकाबद्दल विचारतो. ती पुन्हा पुन्हा दुधाबद्दलच सांगते. त्याला चाबूक भयंकर वाटतो, तिला दूध. आमच्या वर्गातील बायांना हे समजावून सांगावे लागले नाही. पुरुषांना लागले.

हे सगळे करणारा कोण? तेथे आमच्या मते या कादंबरीचे मर्म आहे. केंटकीतल्या त्या मळ्याचे नाव ‘स्वीट होम’. पहिला मालक गार्नर, गुलामांना ‘माझे मर्द’ म्हणणारा, बंदूक हाताळू देणारा, चांगला मालक. आपल्याकडेही ‘आमच्या गावचा पाटील चांगला होता हो’ असे ऐकू येते, तसा. तो मेल्यावर त्याचा मेहुणा येतो. पुस्तकभर त्याला एकाच नावाने ओळखले जाते, शाळामास्तर. हातात चाबकाच्या आधी वही. तो दोरीने गुलामांची डोकी मोजतो, दात मोजतो. शिकवणीला बसलेल्या पुतण्यांना सांगतो की सेथची माणसाची लक्षणे एका बाजूला लिहा, जनावराची दुसऱ्या बाजूला. सेथ ते दाराआडून ऐकते. आणि पुढे तिला जे जन्मभर टोचते ते हे, की ज्या शाईने ते लिहिले जात होते, ती शाई तिनेच करून दिली होती. मास्तरला तिच्या हातची शाई आवडायची.

आपण शिक्षणाला मुक्तीचा मार्ग मानणारे लोक. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. म्हणून शाळामास्तर आम्हाला जास्त घाबरवतो. तो अडाणी नाही. तो पुस्तके वाचतो, नोंदी ठेवतो, प्रश्न विचारतो, शास्त्रीय पद्धतीने काम करतो. आणि अशी वही काल्पनिकही नव्हती. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युअल मॉर्टन कवट्या गोळा करून त्यांत दाणे आणि छर्रे भरून मेंदूचे आकारमान मोजत होते, वंशांची उतरंड लावत होते आणि नामांकित विद्वान त्यांना मान देत होते. सिक्सो नावाचा गुलाम एक डुक्कर मारून खातो आणि मास्तरला म्हणतो, ही चोरी नव्हे, तुमच्या मालमत्तेला खाऊ घातले म्हणजे जास्त काम होईल, तुमचाच फायदा! युक्तिवाद बिनतोड आहे. मास्तर त्याला फोडून काढतो, एवढ्यासाठी की शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा हे त्याला कळावे. मनुस्मृतीचे दहन ज्यांनी पाहिले त्यांच्या नातवंडांना हे वेगळे सांगायला नको.

पण मास्तरची वही मास्तरबरोबर संपत नाही. पॉल डी याने स्वतः तोंडात लोखंडी लगाम भोगला आहे. अंगणातला कोंबडा आपल्यापेक्षा मोकळा आहे असे त्याला त्या वेळी वाटले होते. आपली किंमत नऊशे डॉलर आहे हे त्याने कानाने ऐकले आहे. सेथने मुलीला मारले हे कळल्यावर हाच पॉल डी तिला काय ऐकवतो? तुला पाय दोन आहेत, चार नाहीत. म्हणजे माणसाची लक्षणे इकडे, जनावराची तिकडे. दोघांचाही छळ करणाऱ्या माणसाची वही आता त्याच्याच तोंडून बोलते, आणि जिच्यावर त्याचे प्रेम आहे तिच्याविरुद्ध बोलते. गुलामीची जखम पिढ्यान् पिढ्या कशी उतरते यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, आम्हाला या एका वाक्याने जेवढे कळले तेवढे त्यांतून कळले नव्हते.

आता एक प्रश्न वर्गात आला तो महत्त्वाचा. गुलामांची आत्मचरित्रे असताना कादंबरीची गरज काय? फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मचरित्र १८४५ सालचे, हॅरिएट जेकब्ज यांचे १८६१ चे. अस्सल पुरावा. मॉरिसन यांनी याचे उत्तर एका निबंधात दिले आहे. ही आत्मचरित्रे गोऱ्या वाचकाला पटवण्यासाठी लिहिलेली होती. वाचक बिचकू नये, लेखकाला भडक म्हणू नये म्हणून अगदी भयंकर गोष्टीशी आले की लेखक पडदा ओढून घेत, पुढचे सांगणे नको म्हणत. मनाच्या आतले तर जवळजवळ काहीच नाही. तो पडदा बाजूला करणे हे मॉरिसन यांनी आपले काम मानले. मार्गारेटची साक्ष कायद्याने बंद केली होती, डग्लस-जेकब्ज यांनी दिलेली साक्ष वाचकाच्या भिडेने अर्धी राहिली होती. उरलेली साक्ष कादंबरीत आहे.

यावर वर्गात बराच वेळ शांतता होती. मग साठी ओलांडलेल्या एक आई म्हणाल्या, “आम्ही बी पोरांना समदं सांगितलं नाही. कशापायी सांगायचं? शिकत्यात, चार लोकांत बसत्यात.” त्यांची सून शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आत्या, तुम्ही सांगत नाही, पण झोपेत बोलता.” सेथही डेन्व्हरला सांगत नाही. तिला तिच्या जन्माची तेवढी गोड गोष्ट सांगते, की पळताना एका गरीब गोऱ्या पोरीने, अॅमी डेन्व्हरने, नदीकाठी बाळंतपण केले आणि तिचेच नाव तुला ठेवले. बाकी सारे बंद. सेथचा असा विश्वास असतो की झालेली गोष्ट जागेवरच उभी राहते. आपण मेलो, ते घर जळाले, तरी ती तेथे असते आणि जो कोणी त्या जागी जाईल त्याला ती भेटते. म्हणून मुलीला तेथे जाऊ द्यायचे नाही. मुलगी अंगणातून बाहेर पडत नाही ती यामुळे.

पुस्तकातला आणखी एक भाग चळवळीच्या माणसाने दोनदा वाचावा. चार घोडेस्वार आले तेव्हा वस्तीतल्या कोणीच धावत येऊन सेथला सावध कसे केले नाही? पळालेल्यांना लपवणारी, नदीपार करणारी वस्ती ती. कारण लाजिरवाणे आहे. आदल्या दिवशी सेथची सासू बेबी सग्ज हिने नव्वद माणसांना जेवू घातले होते. टोपलीभर रानबेरी आल्या, त्यातून पदार्थ वाढत गेले, पंगत झाली. लोक पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटात दुखू लागले. हिला एवढे कुठून मिळते? मुलाने पाच वर्षे रविवारची मजुरी करून हिला विकत घेऊन सोडवले, दोन मजली घर मिळाले, वर ही सगळ्यांना उपदेश करते. तो राग धरून वस्ती गप्प राहिली, आणि त्या एका गप्प सकाळी तान्ही गेली. मालकाचा दोष मॉरिसन तसूभरही कमी करत नाहीत. पण आपल्या लोकांनाही त्या सोडत नाहीत. आपल्या माणसाने दुचाकीची चारचाकी केली, बंगला बांधला, की आपल्याकडे काय बोलले जाते हे आम्ही येथे लिहीत नाही. वाचकांना माहीत आहे.

अठरा वर्षांनी तीच वस्ती परत येते. बिलव्हेड सेथला खाऊन टाकत आहे, सेथ नोकरीवरून गेली आहे, घरात अन्न नाही. तेव्हा डेन्व्हर पहिल्यांदा फाटकाबाहेर पाऊल टाकते आणि आपल्या जुन्या बाईंकडे, लेडी जोन्सकडे, जाऊन काम मागते. दुसऱ्या दिवसापासून अंगणाच्या टोकाला कोणीतरी अंडी ठेवते, कोणी शिजवलेले काही, भांड्यात नावाची चिठ्ठी, म्हणजे भांडे परत कोणाकडे द्यायचे ते कळावे. क्षमा मागायला कोणी येत नाही, भांडी येतात. शेवटी एला नावाच्या बाईच्या पुढाकाराने तीस बायका त्या घरापुढे येऊन उभ्या राहतात आणि एका सुरात गाऊ लागतात. ही एला सेथच्या कृत्याला पाठिंबा देणारी नाही, ते तिला कधीच पटले नव्हते. पण गेलेल्या दिवसांनी येऊन जिवंत माणसाला असे छळावे, हे तिला त्याहून पटत नाही.

हे सगळे वाचताना ‘अगदी आपल्यासारखेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतून आले, लढाई येथलीच होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम तेथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. तरीही गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना बाबासाहेबांनी फरक काटेकोर मांडला. गुलाम मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा काही स्वार्थ तरी. अस्पृश्य कोणाचाच नाही, म्हणून त्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारीही कोणाची नाही. गुलामाला आपण गुलाम आहोत हे कळते, अस्पृश्यतेत बेडी दिसतच नाही. सेथला नऊशे डॉलर किमतीच्या जगातून पळायला नदी होती, पलीकडे दुसरे राज्य होते. आपल्या आज्यांना गावकुसाबाहेरून पळून जायला कोणती नदी होती? म्हणून सेथचे दुःख सेथचेच राहू द्यावे आणि तिच्याकडून वाचण्याची पद्धत तेवढी घ्यावी.

ही कादंबरी मुलांनी वाचावी की नाही यावर अमेरिकेत अजून भांडण होते. व्हर्जिनिया राज्यात शाळेत नेमलेल्या या पुस्तकाने मुलाला त्रास झाला अशी एका आईने तक्रार केली. २०१६ आणि २०१७ साली पालकांना अशी पुस्तके नाकारण्याचा हक्क देणारे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, गव्हर्नरने दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. २०२१ च्या निवडणुकीत त्याच आईला घेऊन प्रचाराची जाहिरात झाली आणि ती करणारा पक्ष जिंकला. वाचून त्रास होतो हे खरे आहे. तो कोणाला व्हावा आणि कोणाला होऊ नये, हे तेथे मतपेटीतून ठरवले गेले.

शेवटच्या दोन रविवारी आमच्या वर्गातील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सेथवर अभिरूप खटला चालवला. भारतीय कायद्याने. फिर्यादी पक्षाचे काम सोपे. उद्देश आहे, कृती आहे, साक्षीदार आहेत. पूर्वीचे कलम ३०२, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०३. बचावाची पोरे अडकली. वेडाचा बचाव, म्हणजे जुने कलम ८४, घ्यावा तर सेथ ठामपणे सांगते की मी पूर्ण शुद्धीत होते, मुलांना सुरक्षित जागी पोचवत होते. गंभीर आणि आकस्मिक चिथावणी म्हणावी तर चिथावणी देणारा मास्तर, आणि मेली तान्ही. कायद्याला हे चालत नाही. मोठी हानी टाळण्यासाठी केलेली कृती, जुने कलम ८१, एका मुलीने हे लावून धरले. त्यावर सरकारी वकिलाने विचारले, जी हानी टाळली ती कायद्याने मान्य केलेली होती ना? मालक आपली मालमत्ता न्यायला आला होता ना? मग हानी कोणती? मुलगी गप्प झाली, आणि मग म्हणाली, “तेच तर.” सगळ्या प्रकरणात मास्तरने एकही बेकायदा गोष्ट केलेली नाही. वॉरंट आहे, शेरीफ बरोबर आहे, १८५० चा कायदा आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी सेथ.

मॉरिसन यांनी मुलाखतींमधून सांगितले होते की या आईचा न्याय करायचा अधिकार त्यांना स्वतःला वाटत नव्हता. तो एकाच व्यक्तीला आहे, मेलेल्या मुलीला. म्हणून तिला परत आणावे लागले. आमच्या खटल्यात तिला साक्षीला बोलवावे असा अर्ज बचाव पक्षाने दिला. सरकारी वकिलाने हरकत घेतली की मृत व्यक्तीला समन्स बजावता येत नाही. न्यायाधीश झालेला मुलगा एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने दोन्ही बाजू लिहून घेतल्या, चष्मा काढून पुसला, अर्जावर निकाल राखून ठेवला आणि पुढची तारीख दिली.